चुन्याचे काम उत्तम, वहीचे काम अपुरे: एका जुन्या चर्चच्या दुरुस्ती-सेवेचे परीक्षण

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात नंदगडच्या पुढे, हल्याळच्या हद्दीकडे जाणाऱ्या रानपट्ट्यात आमचे छोटे चर्च आहे. त्याच्या दुरुस्तीचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन वळवाच्या पावसाआधी पुरे झाले. ते ज्या पथकाकडून करून घेतले त्यांच्याविषयी आसपासच्या गावांतून, विशेषतः ज्यांच्या चर्चच्या किंवा देवळाच्या भिंतींना ओल धरली आहे अशा मंडळींकडून, सतत विचारणा होत असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे. निर्णय आधीच सांगतो. भिंती, गिलावा आणि छप्पर यांसाठी या पथकाला अवश्य बोलवावे. ‘कौटुंबिक वारसा नोंदणी’ या नावाने, म्हणजे चर्चच्या जुन्या वह्या, वस्तू आणि कबरी यांच्या नोंदी करण्याची, ते त्याच दरपत्रकात जी दुसरी सेवा जोडून देतात, ती मात्र घेऊ नये. या दुसऱ्या भागातील उणिवा त्यांना समक्ष सांगितल्या आहेत, म्हणून पथकाचे नाव येथे देत नाही. ज्यांना काम द्यायचे असेल त्यांनी चर्चमध्ये येऊन भिंत हाताने चाचपून पाहावी आणि मग नाव विचारावे.

आमची इमारत ना केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे, ना राज्याच्या. अशा इमारतींच्या दुरुस्तीवर कोणाचे लक्ष नसते. पैसा जमला की कंत्राटदार येतो, सिमेंट थापतो, वर रंग देतो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटू लागतात. यादीबाहेरच्या वारसावास्तूंसाठी वारसा जतन करणाऱ्या ‘इन्टॅक’ या संस्थेने २००४ मध्ये एक सनद तयार केली असून, अशा ठिकाणी परंपरेने काम जाणणाऱ्या कारागिरांना आणि वास्तू वापरणाऱ्या लोकांना प्राधान्य द्यावे, असा तिचा एकंदर रोख आहे. आमच्या पथकाच्या माहितीपत्रकात या सनदेचा उल्लेख होता. कारागिरांच्या बाबतीत त्यांनी तिचा रोख पूर्णपणे पाळला. लोकांच्या बाबतीत अर्धवट पाळला.

भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहिला की टणक होतो, पण त्याची छिद्रे तशीच राहतात. त्यामुळे जमिनीतली ओल या दगडातून वर चढते आणि बाहेर पडायला वाट शोधते. चुन्याचा गिलावा ती वाट देतो. सिमेंटचा गिलावा देत नाही. मागच्या पिढीत कोणीतरी चांगल्या हेतूने बाहेरून सिमेंट लावले आणि आतून तैलरंग दिला, तेव्हापासून दोन्ही बाजूंनी कोंडलेली ओल भिंतीतच राहू लागली. ती वाळताना क्षार फुलतात आणि दगडाचा पृष्ठभाग पीठ होऊन गळतो. वेदीच्या मागच्या भिंतीला कंबरेएवढ्या उंचीपर्यंत असा लोणा (क्षाराची झीज) लागला होता आणि बोट लावले तरी लाल भुकटी पडत होती. या दुखण्यावर इतर दोघा कंत्राटदारांनी आणखी सिमेंट आणि त्यावर जलरोधक रंग हाच उपाय सुचवला होता. पथकाच्या मुख्य गवंड्याने मात्र पहिल्या भेटीत दरपत्रक देण्याआधी पायाजवळची माती उकरली, पागोळ्यांचे पाणी कुठे साचते ते पाहिले आणि प्रथम भिंतीलगतचे फरशीकाम काढून उताराचा चर खणायला सांगितला. हे काम त्यांचे नव्हते, त्याचे पैसेही त्यांना मिळणार नव्हते. त्यांच्यावर विश्वास बसला तो येथे.

जुने सिमेंट काढण्यासाठी त्यांनी यंत्र वापरले नाही. छिन्नी आणि हलकी हातोडी यांनी ते तुकड्या-तुकड्याने सोडवले, कारण यंत्राच्या हादऱ्याने सिमेंटबरोबर जांभ्याचे कवचही निघून येते. तरीही काही ठिकाणी ते निघालेच. तेथे बसवण्यासाठी लागणारे चिरे त्यांनी काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मागवून उघड्यावर रचून ठेवले होते. गावातील लोकांना ही उगाच अडवून ठेवलेली जागा वाटत होती. पण चिरा हवेत मुरू न देता बसवला असता, तर तो पहिल्या पावसातच झिजू लागला असता.

चुन्याच्या तयारीवर थोडे अधिक लिहितो, कारण खरी परीक्षा तेथेच होते आणि ज्यांनी चुना फक्त पोत्यातील भुकटीच्या रूपात पाहिला आहे त्यांना हे काम महाग का पडते ते कळत नाही. कळीचा चुना बागलकोटच्या बाजूने आला. चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळी उरते; पाण्यात टाकल्यावर ती उकळून विरते, आणि भिंतीवर लागल्यावर हवेतला तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू दगड बनते. विरवलेला चुना त्यांनी खड्ड्यात पाण्याखाली महिन्याहून जास्त काळ मुरवत ठेवला. चुना मळण्याचा घाणा बैलाचा नव्हता, मोटारीवर चालणारा होता, परंतु चाक दगडीच होते आणि मळण्याची वेळ त्यांनी कधी कमी केली नाही. खानापूर हे कौलांच्या आणि विटांच्या कारखान्यांचे गाव असल्यामुळे फुटकी कौले ढिगाने आणि जवळपास फुकट मिळतात. तीच दळून सुरकी (चुन्यात मिसळायची भाजक्या मातीची भुकटी) करावी असे आमच्यापैकी अनेकांचे म्हणणे होते. मुख्य गवंड्याने ते नाकारले. कारखान्यातील कौल फार जास्त भाजलेले असते आणि त्याची भुकटी चुन्याशी नीट संयोग पावत नाही, म्हणून कमी भाजलेल्या गावठी विटाच हव्यात, असे त्याने सांगितले आणि त्या शोधून आणल्या. मिश्रणात हिरड्याचे पाणी आणि गूळ होता. उडीद, बेलफळ, अंडी यांची जी यादी हल्ली प्रत्येक किल्ल्याच्या गोष्टीत ऐकायला मिळते, तिची त्याने फारशी दखल घेतली नाही. ‘गूळ जास्त झाला तर चुना लवकर आवळत न्हाई बघा, उगा गोड करून काय उपयोग,’ एवढेच तो म्हणाला.

गिलावा पातळ थरांत चढला. एक थर पुरेसा आवळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही आणि कोणताही थर उन्हाने एकदम सुकू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. थर आतपर्यंत पक्का झाला की नाही हे पाहण्यासाठी ते एका कोपऱ्यात छोटी खाच पाडून तिच्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण सोडत. चुना कच्चा असेल तर जागा गुलाबी होते, दगड बनला असेल तर रंग येत नाही. शाळेतील मुलांना हा प्रकार इतका आवडला की गुलाबी रंग दिसावा म्हणून ती कच्च्या थराचीच वाट पाहत असत. शेवटचा हात म्हणून निळीचा थेंब घातलेली चुन्याची सफेदी दिली. चालू पावसाळ्यात खालचा पट्टा किंचित काळवंडतो आणि उघडीप मिळाली की आपोआप उजळतो. भिंत श्वास घेत असल्याचे ते लक्षण असल्यामुळे मी त्याला दोष मानत नाही. पण पांढऱ्याशुभ्र भिंतीची अपेक्षा असणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

या भागातील एकच खरी उणीव म्हणजे पाणी. चुन्याला दिवसातून अनेकदा शिंपावे लागते आणि गोणपाट ओले ठेवावे लागते. हे कोण करणार, पाणी कोठून येणार, याविषयी दरपत्रकात अवाक्षर नव्हते. फेब्रुवारीनंतर आमच्या विहिरीला तळ दिसू लागतो. शेवटी घरोघरी पाळ्या लावून ते काम झाले आणि त्याचा बहुतेक भार स्त्रियांवर पडला. पुढच्या गावांनी ही बाब करारात लिहून घ्यावी.

छपराबद्दल थोडक्यात. पत्रा घालण्याचा आग्रह धरणारे आमच्यातही होते. पथकाने जुनी मंगळुरी कौले एकेक उतरवून, बोटाने वाजवून, खणखणीत वाजणारी पुन्हा चढवली आणि कुजलेल्या वाशांची फक्त टोके कापून नवे सागवान सांध्यात बसवले. या कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात सुरू केला होता. प्रोटेस्टंट मिशनच्या त्या कौलांनी पुढे कोकण-कारवारातील किती कॅथलिक चर्चे झाकली, याचा हिशेब कोणत्याही धर्मपंडिताने मांडलेला नाही. काम चोख आहे, गळती नाही.

आता दुसऱ्या सेवेकडे वळतो, आणि येथे थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. आमच्या मंडळीत निम्म्याहून अधिक कुटुंबे सिद्दी आहेत. उरलेली आम्ही कोकणी-मराठी बोलणारी. सिद्दी हे मुख्यतः पोर्तुगिजांच्या गुलामव्यापारातून आफ्रिकेहून पश्चिम किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज असून, त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातून निसटून या रानात आले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. अनुसूचित जातींप्रमाणे येथे धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती सिद्दीही जमातीचाच राहतो. पण दाखल्यासाठी वंशावळ मांडायची वेळ आली की ज्या घरात जमिनीचा उतारा नाही आणि आजोबांचा शाळेचा दाखला नाही, त्या घराला चर्चमधील बाप्तिस्म्याची वही हाच काय तो आधार असतो. कौटुंबिक वारशाची नोंदणी हे शब्द शहरात हौसेचे वाटतील. आमच्याकडे ती तहसीलदाराच्या टेबलावर जाणारी गोष्ट आहे.

या वह्यांचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत स्वतंत्र होण्यापूर्वी हा पट्टा गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली होता, म्हणून आमच्या जुन्या नोंदी पोर्तुगीज आणि लॅटिनमध्ये आहेत. १९७६ मध्ये कारवारचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि हल्याळची बाजू तिकडे गेली. परिणामी एकाच आज्जीचा बाप्तिस्मा आज कारवार धर्मप्रांतात मोडणाऱ्या चर्चच्या वहीत, लग्न आमच्या वहीत आणि मुलांचे बाप्तिस्मे दोन्हीकडे, अशी विखुरलेली स्थिती असते. त्यात वहीतले नाव पोर्तुगीज वळणाचे आणि गावातले हाकेचे नाव निराळेच. अशा वेळी दुवा जुळतो तो धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणारी माणसे, यांच्या नावांवरून, कारण ती माणसे बहुधा शेजारच्या किंवा नात्यातल्या घरची असतात. आणि त्याहून महत्त्वाचा दुवा असतो पानाच्या समासात. चर्चच्या कायदेसंहितेप्रमाणे बाप्तिस्म्याच्या नोंदीजवळच त्या व्यक्तीच्या दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतरच्या श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची) आणि लग्नाची नोंद करायची असते. जुन्या पाद्रींनी ती बारीक अक्षरात, पानाच्या कडेला, कधी आडवी तर कधी उभी लिहून ठेवली आहे. मुलगी कोणत्या गावात दिली हे पुष्कळदा तेवढ्या एका ओळीतूनच कळते.

पथकाने वह्यांची जी छायाचित्रे काढून दिली त्यांत नेमके हे समास कापले गेले आहेत. पाने सरळ आणि सुबक दिसावीत म्हणून प्रत्येक चित्राच्या कडा छाटल्या, आणि बांधणीच्या बाजूला दबलेला मजकूर तर आलाच नाही. चित्रे इतकी दाबून लहान केली होती की शाईने कागद खाल्लेल्या जागी अक्षर आणि भोक यांतला फरक कळेना. फाइलींना ‘पान १’, ‘पान २’ अशी नावे. कोणते साल, कोणती वही, काही नाही. तक्रार केल्यावर त्यांनी काही पाने पुन्हा काढून दिली, तीही छाटलेलीच. याउलट, याच सामग्रीतून चकचकीत कागदावर छापलेला, कापडी बांधणीचा, चर्चच्या प्रकाशचित्राने सजलेला एक आल्बम मात्र वेळेआधी तयार होता. पाहुण्यांना दाखवायला तो छान आहे. त्यातील मजकूर फक्त इंग्रजीत असल्यामुळे ज्यांच्या घराण्यांविषयी तो आहे त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो वाचता येतो. मराठी किंवा कन्नड पाठ मागितल्यावर वेगळा दर सांगण्यात आला.

दोन गोष्टी चर्चच्या समितीने वेळीच अडवल्या, त्यांचाही उल्लेख करतो. फाटक्या पानांना प्लास्टिकचे लॅमिनेशन करण्याचा प्रस्ताव होता. ते एकदा केले की पुन्हा सोडवता येत नाही आणि आतला कागद जळत राहतो. चुन्याच्या बाबतीत इतका धीर धरणाऱ्या पथकाने कागदाच्या बाबतीत असे सुचवावे याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. दुसरे म्हणजे सर्व नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या करण्याची कल्पना. जुन्या वह्यांत काही मुलांपुढे ‘वडील अज्ञात’ असे लिहिलेले आहे. ती घरे आजही गावात आहेत. गुलामीच्या इतिहासातून आलेल्या समाजात त्या दोन शब्दांमागे काय असू शकते हे ओळखायला इतिहासकार लागत नाही, आणि त्या घरांना विचारल्याशिवाय ते जगासमोर मांडण्याचा अधिकार ना पथकाला आहे, ना समितीला.

वस्तूंच्या यादीतही हीच वृत्ती दिसते. चर्चच्या कपाटात एक जुनी कवंदी आहे. कवंदी म्हणजे सिद्दी स्त्रियांची गोधडी: जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून मध्याकडे टाके घालत जोडलेले, चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुले, आणि ख्रिस्ती घरांतून बरेचदा मध्ये कुठेतरी क्रूस. यादीत तिची नोंद ‘जुनी गोधडी, रंग उडालेली, १ नग’ अशी झाली. गावातील दोन वयस्क बायकांना बोलावून विचारले असते, तर कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा आणि कोणत्या घरचा हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले असते. पुढे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी सांगितलेच. बाकांचेही तसेच. बाकांच्या पाठीवर ते देणाऱ्या कुटुंबांची नावे चाकूने कोरलेली आहेत. पथकाच्या सुताराला ते ओरखडे वाटले आणि त्याने रंधा हातात घेतला. झाडलोट करणाऱ्या मावशींनी बाकावर बसून त्याला थांबवले, आणि समितीचे लोक येईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

मुख्य गवंडी आणि नोंदणीचे लोक एकाच पथकाचे असले तरी कामाला लागण्यापूर्वी विचारण्याची सवय फक्त पहिल्याला होती. गवंडी भिंतीला हात लावण्यापूर्वी पागोळ्या कुठे पडतात हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत असे. नोंदणीचे लोक मात्र आपापले तक्ते घेऊन आले, रकाने भरले आणि निघाले. दफनभूमीत जागा कमी असल्यामुळे आमच्याकडे काही वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरतात, त्यामुळे दगडावरील नावावरून खाली कोण आहे हे ठरत नाही. यादीत मात्र दगडावरचे नाव हेच अंतिम धरले आहे. फादरांनी मृत्यूच्या वहीशी ताडून पाहिल्यावर बरीच नावे दुरुस्त करावी लागली.

शेवटी बेळगावात कॉलेजात शिकणाऱ्या आमच्याच मंडळीतील मुलींनी सुट्टीत ते काम पुन्हा केले. खिडकीच्या उजेडात, वही उशीवर अर्धी उघडी ठेवून, पूर्ण पान कडांसह दिसेल असे फोटो, प्रत्येक फाइलीला वहीचे नाव, साल आणि पान क्रमांक. एक संच चर्चमध्ये, एक धर्मप्रांताच्या कचेरीत, आणि ज्या घराला आपली नोंद हवी त्याला तेवढ्या नोंदीची छापील प्रत. याला खर्च जवळजवळ आला नाही. पथकाने नोंदणीसाठी लावलेली रक्कम एकूण बिलाचा लहान भाग होती, पण ती वाया गेली हे समितीच्या हिशेबात स्पष्ट लिहिले आहे.

दराविषयी: चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा बराच महाग पडतो आणि वेळही जास्त घेतो, तरी त्यातील मोठा भाग मजुरीचा असून पथकाने आमच्या गावातील चार तरुणांना सोबत घेऊन मळणे, शिंपणे आणि सफेदी देणे शिकवले. सफेदी दर दोन-तीन वर्षांनी द्यावी लागते, आणि ती आता आम्हाला बाहेरून करून घ्यावी लागणार नाही. पैसे टप्प्याटप्प्याने घेतले, प्रत्येक टप्प्यानंतर समितीला भिंत दाखवूनच. वागणूक सभ्य होती. रविवारी मिस्सेच्या (सामूहिक उपासनेच्या) वेळी घाणा बंद असे आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आठवड्यात त्यांनी स्वतःहून वेदीपुढची परांची उतरवून ठेवली.

घंटेची चौकट आणि दफनभूमीचे कुंपण ही कामे येत्या दिवाळीनंतर याच पथकाला द्यायचे ठरले आहे. त्यांनी पाठवलेल्या दरपत्रकातील वारसा नोंदणीची ओळ खोडून, पाण्याच्या जबाबदारीची ओळ वाढवून आणि ‘कोरलेले अक्षर समितीला विचारल्याशिवाय घासू नये’ अशी अट घालून ते आम्ही सहीसाठी परत पाठवले आहे.